आपला अर्ज आपण लिहावा



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर लिहावयाचे म्हणजे बेणेप्रक्रिया, हुमणी, नाही तर पाचट कुजविणे, अशी आपली रीत पडून गेली आहे. या वेळी विषय निराळा आहे. संगणकावर मराठीत लिहिणे, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘वर्ड’ म्हणतात ते वर्ड प्रोसेसरचे काम, आपण सभासदांनी स्वतः शिकावे असे माझे मत आहे. पोरांनी नव्हे, आपण. हे मत कशावरून झाले ते आधी सांगतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातील सभासदाने, त्यांना आपण तात्या म्हणू, ऊस नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज दिला. अर्ज तालुक्याच्या गावी बाहेर टाइप करून घेतलेला. चांगला कागद, वर देवाचे नाव, खाली सही. क्षेत्र होते ४० आर, म्हणजे ढोबळमानाने एक एकर. सातबाऱ्याच्या पद्धतीने ते ०.४० हेक्टर असे लिहावयास हवे. टाइप झाले ०.०४. एक शून्य इकडचे तिकडे झाले आणि एकराचा ऊस चार गुंठ्यांवर आला. तात्यांनी सही करताना वाचले नाही. गट कार्यालयाने अर्ज घेताना वाचले नाही. प्रत्यक्ष मोजणीत हे सापडावयास हवे होते, पण त्या आठवड्यात मोजणी झाली नाही, आणि त्या कागदावरची तिसरी सही माझी होती. फेब्रुवारीत टोळी आली, कागदावर होता तेवढा ऊस तोडला, गाडी भरली आणि मुकादम पुढच्या गावाला निघाला. राहिलेल्या फडाची फेरमोजणी, नवीन तोडणी कार्यक्रम, पुन्हा टोळीची वाट, यात तेवीस दिवस गेले. तोवर ऊन वाढले, तुरा आलेला ऊस पोकळ पडू लागला. किती टनांची घट आली ते तात्यांनी मला सांगितले नाही. सांगितले असते तर बरे वाटले असते.

ते एवढेच म्हणाले, “साहेब, मी त्या पोराला चाळीस गुंठं म्हणूनच सांगितलं हुतं.”

सांगितले असणारच. टाइप करणाऱ्या पोराचीही मोठी चूक मी मानत नाही. त्याच्याकडे दिवसभरात पन्नास माणसे येतात. त्याला गुंठा आणि आर यांचा हिशेब कोणी शिकवलेला नसतो. त्याच्या दृष्टीने ०.४० काय आणि ०.०४ काय, दोन्ही आकडेच. ज्याच्या पोटाला तो आकडा लागतो त्याने तो स्वतः लिहावा, निदान स्वतः तपासावा, असे मला त्या दिवशी वाटले ते आजतागायत.

आता कोणी विचारील, हाताने लिहिलेला अर्ज चालत नाही काय? चालतो, आणि चाललाच पाहिजे. केवळ टाइप केलेला नाही म्हणून आपल्या कोणत्याही गट कार्यालयात अर्ज परत केला गेला, तर तो मला आणून दाखवावा. मग वर्ड कशाला? माझे उत्तर असे, की हाताने लिहिलेला अर्ज एकदा दिला की आपल्यापाशी काही उरत नाही. दोन प्रती काढणारे, दुसरीवर पोच घेऊन आवक क्रमांक टाकून घेणारे सभासद बोटांवर मोजण्याइतके. वर्डमध्ये लिहिलेला अर्ज आपल्याजवळ राहतो. पुढच्या साली तोच उघडून गट नंबर, लागणीची तारीख आणि जात बदलली की झाले. चूक दिसली तर सगळा कागद पुन्हा लिहावा लागत नाही. आणि ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांच्यासाठी सर्वांत मोठी सोय म्हणजे पडद्यावरचे अक्षर वाटेल तेवढे मोठे करून सहीपूर्वी नीट वाचता येते. छापताना पुन्हा ते लहानच छापता येते.

“आमची बोटं खुरप्याची, हे आमाला व्हायचं न्हाई,” असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांना मी माझे सांगतो. मी कृषी पदविका घेतली तेव्हा आम्हाला कलम बांधणे, समपातळी रेषा आखणे, दात पाहून जनावराचे वय ओळखणे हे सगळे शिकवले. कॉम्प्युटर एका खोलीत होता आणि त्या खोलीला कुलूप असे. नोकरीत आल्यावर माझे अहवाल मी हाताने लिहावयाचे आणि शेतकी ऑफिसमधील आमच्या क्लार्क ताईंनी टाइप करावयाचे, असा शिरस्ता अनेक वर्षे चालला. एका हंगामात त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि माझे तीन अहवाल तुंबले. तेव्हा वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी कळफलकावर बोट ठेवले. ताई रजेवरून आल्या आणि त्यांनी माझे हाल पाहून रोज अर्धा तास शिकवले. पहिला शब्द त्यांनी मुद्दाम ‘ऊस’ घेतला. शिफ्ट दाबून इंग्रजी टी ची कळ दाबली की ऊ, आणि नुसती एम ची कळ दाबली की स. दोन ठोक्यांत ऊस! मला त्या वेळी झालेला आनंद पहिली मोळी गव्हाणीत पडल्यावर होतो तसा होता, हे सांगावयास मला लाज वाटत नाही.

या कळफलकाला इनस्क्रिप्ट म्हणतात. १९९१ च्या भारतीय मानकात तो समाविष्ट आहे, आणि त्याची रचना एकदा डोक्यात बसली की विसरत नाही. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजने. के च्या कळेवर क, शिफ्टबरोबर तीच दाबली की ख. आय वर ग, शिफ्टबरोबर घ. एल वर त, शिफ्टबरोबर थ. म्हणजे बारीक अक्षराचे जाड भावंड त्याच कळेवर राहते. जोडाक्षराला डी च्या कळेवर पाय मोडण्याचे चिन्ह आहे. क लिहिला, पाय मोडला, ट लिहिला की ‘हेक्टर’मधला क्ट तयार. जुन्या मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारून मग अक्षर मारावे लागे. इथे आपण बोलतो त्या क्रमाने, आधी अक्षर आणि मग वेलांटी. टाइपरायटरवर हात बसलेल्या मंडळींना पहिले आठ दिवस हेच जड जाते. ज्याने टाइपरायटर कधी पाहिला नाही त्याला हा त्रासच नाही, म्हणजे या बाबतीत आपण कोऱ्या पाटीचे लोक पुढे आहोत.

आपल्या धंद्याला दोन अक्षरांवाचून चालत नाही, ती आधी पाठ करावीत. एक ळ. तो एन च्या कळेवर शिफ्टबरोबर आहे. गाळप, गळीत, मळी, मळा, मोळी, टोळी, सगळा कारखाना त्या एका कळेवर उभा आहे. दुसरे म्हणजे ‘सऱ्या’मधला ऱ्या. साधा र घेऊन पाय मोडून य लावला, तर डोक्यावर रफार चढतो आणि ‘सर्या’ असे काही तरी होऊन बसते. त्यासाठी जे च्या कळेवर शिफ्ट दाबून नुक्ता असलेला ऱ घ्यावयाचा, मग पाय मोडावयाचा, मग य. ‘चार फुटांच्या सऱ्या’, ‘दुसऱ्या पाळीचे पाणी’, ‘शेतकऱ्याची सही’ हे तीन तुकडे पंचवीस वेळा लिहिले की हात बसतो. ज्यांना हा कळफलक नकोसा वाटेल त्यांनी इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारी पद्धत घ्यावी. विंडोजवर दोन्ही विनामूल्य मिळतात. माझी पसंती पहिलीला आहे, कारण तिच्यासाठी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा लागत नाही.

लिहिणे जमले की पुढच्या खोडी मोडावयाच्या. ओळ संपली की एंटर दाबण्याची सवय टाइपरायटरवरून आली आहे. तिथे ओळ संपल्यावर गाडी हाताने मागे सारावी लागे. वर्डमध्ये ओळ आपोआप खाली उतरते, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. प्रत्येक ओळीला एंटर मारलेला अर्ज असा दिसतो, की मध्ये एक शब्द वाढवला तर खालच्या सगळ्या ओळी विस्कटतात. दुसरी खोड म्हणजे आकडे एकाखाली एक आणण्यासाठी मोकळ्या जागेची लांब कळ बडवत बसणे. त्यासाठी तक्ता घालावा. गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख असे चार रकाने केले की को ८६०३२ कुठल्या गटात आणि फुले २६५ कुठल्या गटात हे लिहिणाऱ्यालाही कळते आणि आमच्या चिटबॉयलाही कळते. चूक झाली तर घाबरू नये. कंट्रोल दाबून झेड दाबले की शेवटचे केलेले पुसले जाते, आणखी दाबले की त्याच्या आधीचे. आणि दर दहा ओळींनी कंट्रोल दाबून एस. ही सवय लागेपर्यंत वीज एकदा तरी जाईलच. माझी अडीच पाने गेली होती.

फॉन्टच्या बाबतीत मात्र जरा सावध राहावे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर दिसते मराठी, पण संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरे. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर ती फाईल उघडली की अर्जाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. ठिबकच्या एका प्रस्तावाची अशी फाईल मी एका कार्यालयाला ईमेलने पाठवली होती. तिकडून उत्तर आले, “मजकूर वाचता येत नाही, पुन्हा सादर करावा.” तोवर मुदत टळली होती. युनिकोडमध्ये लिहिले की ही अडचण येत नाही. त्यात १९९१ पासून देवनागरीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, त्यामुळे गावातल्या मोबाईलवर लिहिलेला ऊस मुंबईच्या यंत्रावरही ऊसच राहतो. इनस्क्रिप्टने लिहिलेले युनिकोडच असते. बाहेर टाइप करून घेणार असाल तरी “युनिकोडमध्ये दे बाबा, आणि फाईल माझ्या मोबाईलवर टाक” एवढे दोन शब्द सांगून ठेवावेत. वर्डचे पैसे भरावयाचे नसतील तर लिब्रेऑफिस नावाचा तसाच प्रोग्रॅम विनामूल्य आहे, आणि घरी संगणक नसेल तर गूगल डॉक्स मोबाईलवर चालते.

मागल्या साली तयार केलेल्या अर्जावरून नवा अर्ज करण्याची सोय मी वर सांगितली. ती सोयच मला एकदा भोवली. माती परीक्षणाच्या शिबिराची सूचना मी जुन्या सूचनेवरून तयार केली, गाव बदलले, वेळ बदलली आणि तारीख बदलावयास विसरलो. सतरा सभासद मातीच्या पिशव्या घेऊन भलत्याच दिवशी गट कार्यालयात हजर! त्यांत एक अण्णा सायकलवरून आले होते. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “माती ठेवून जातो, तारीख सापडली की तपासा.” तेव्हापासून मी मूळ नमुन्याला बेणेमळ्यासारखे वागवतो. बेणेमळ्यातून बेणे घ्यावयाचे, मळ्यात नांगर घालावयाचा नाही. मूळ फाईल तशीच राखून तिची प्रत काढावयाची, नाव वेगळे द्यावयाचे आणि बदल प्रतीत करावयाचे. नमुन्यात तारखेच्या जागी आकडा न ठेवता टिंबे ठेवावीत, म्हणजे विसरलो तरी टिंबे दिसतात. आणि जसे बेणे दर तीन वर्षांनी बदलतो तसा नमुनाही अधूनमधून तपासून बदलावा, कारण मागितली जाणारी माहिती बदलत असते.

तरुण सभासद म्हणतात, “आता मोबाईलमध्ये नुसते बोलले की अर्ज तयार होतो, मग हे कळा बडवणे कशाला?” खरे आहे, तशी साधने आली आहेत आणि त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली असते. मी त्यांच्या विरोधात नाही. ज्यांना लिहितावाचता येते पण वाक्य जुळवता येत नाही त्यांना त्यांचा आधार आहे. पण एका सभासदाने असा तयार झालेला अर्ज मला दाखवला. त्याने ‘सुरू उसाची नोंद करावी’ असे सांगितले होते. कागदावर आले, ‘माझ्या शेतात ऊस सुरू झाला असून त्याची नोंद घ्यावी.’ आपण हसलो तरी हरकत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू लागण आणि जुलै-ऑगस्टमधील आडसाली लागण यांच्या तोडणीत किती महिन्यांचा फरक पडतो हे त्या यंत्राच्या पोटाला लागत नाही. तेव्हा यंत्राने लिहिलेलेही दुरुस्त करता यावयास हवे, आणि दुरुस्त करावयाचे म्हणजे पुन्हा हेच वर्ड उघडावयाचे.

घरोघरी पोरांची एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली मी पाहतो. त्यांच्याच वडिलांचे अर्ज बाहेर टाइप होतात, हे मला समजत नाही. पोरगे पुण्याला असते, किंवा असून ऐकत नाही, असे उत्तर मिळते. ते असो. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हा “हे शेतकऱ्याला जमणार नाही” असे म्हणणारे पुष्कळ होते, त्यांत मीही होतो. नंतर पिकात उभे राहून मोबाईलवर फोटो काढून नोंद करणारे पासष्टीचे सभासद मी डोळ्यांनी पाहिले.

शेवटी एका भगिनी सभासदाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या संमतीने लिहितो, नाव देत नाही. त्यांचे यजमान वारले. यजमानांच्या नावावरील भाग वारस म्हणून आपल्या नावावर वर्ग व्हावेत यासाठी अर्ज द्यावयाचा होता. घरच्या मंडळींनी बाहेरून टाइप करून आणलेला अर्ज त्यांच्यापुढे सहीला ठेवला. वहिनी सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “मला वाचू द्या.” वाचले तर तिसऱ्या परिच्छेदात, सदर भाग दिरांच्या नावे करण्यास आपली संमती आहे, असे वाक्य. कोणी मुद्दाम घातले की जुन्या कुठल्या तरी अर्जातून तसेच आले, हे मी ठरवू शकत नाही. घरच्यांनी दुसरेच सांगितले आणि ते खरेही असेल. वहिनी तो कागद घेऊन गट कार्यालयात आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, मला हा माझा मी लिहायचाय.”

दुपारी ऑफिस रिकामे होते. क्लार्क ताईंनी त्यांना खुर्ची दिली. बारा ओळींच्या अर्जाला अडीच तास लागले. यजमानांचे नाव त्यांनी पहिल्यांदा नेहमीसारखे लिहिले, मग थांबल्या आणि नावाच्या मागे जाऊन ‘कै.’ लिहिले. ते पुसले. पुन्हा लिहिले. आम्ही दोघेही दुसरीकडे पाहत होतो. अर्ज छापून झाल्यावर त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला, सही केली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि फाईल मोबाईलवर मागून घेतली. भाग त्यांच्या नावे झाले आहेत.

त्यानंतर मी मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळाकडे लेखी मागणी केली आहे, की प्रत्येक गट कार्यालयात सभासदांसाठी एक संगणक आणि एक प्रिंटर मोकळा ठेवावा, त्यावर युनिकोड मराठी असावे, आणि नोंद, नोंद दुरुस्ती, वारसनोंद, बँक खाते बदल व बेणे मागणी या पाच अर्जांचे कोरे नमुने त्यात घालून ठेवावेत. नमुने मी तयार केले आहेत, क्लार्क ताईंनी तपासले आहेत. मंजुरी येईपर्यंत आमच्या शेतकी ऑफिसमधील माझे स्वतःचे टेबल दर शुक्रवारी दुपारी दोन ते चार रिकामे राहील. एका वेळी दोघांनाच बसता येईल, म्हणून आदल्या दिवशी गटप्रमुखांकडे नाव सांगावे. येताना स्वतःचा सातबारा आणावा, सराव त्यावरच करू. आणि चष्मा विसरू नये. मागच्या शुक्रवारी तिघांनी मिळून माझा एकच चष्मा वापरला.

आपला,
ऊस विकास अधिकारी